तीन वाजताची नोंद

दर तीन तासांनी हवामान कळवायचं,
हे माझं काम. बावीस वर्षं.
हुसाविकच्या उत्तरेला, टोकावरच्या त्या घरात
रात्री तीनचा गजर माझ्यासाठी वाजायचा
आणि ब्रांदुर घोरत असायचा.

घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असं त्याची आई म्हणे.
मीही तेच धरून चालले.
बोटीच्या इंजिनपाशी तीस वर्षं काढलेला माणूस,
झोपेतही इंजिनच चालवणार.

मग एका रात्री, मी बूट चढवत असताना,
इंजिन बंद पडलं.

एक बूट पायात, एक हातात.
त्याची छाती हलत होती, जोर लावून,
जणू बर्फात रुतलेलं दार कुणी आतून ओढतंय.
हवा मात्र येत नव्हती.
मग एक मोठा आचका, घोड्यासारखं फुरफुरणं,
आणि पुन्हा सुरू.
सकाळी त्याला काही आठवेना.
डोकं दुखतंय, म्हणाला, कॉफी कडक कर.

मोजायची सवय. मोजत गेले.
वहीच्या समासात, पेन्सिलीने:
वारा वायव्येचा. हिमवर्षाव. दृश्यता चार किलोमीटर.
ब्रांदुर, चौतीस सेकंद.
वारा पडलेला. धुकं.
ब्रांदुर, एक्कावन्न.

ही नोंद रेक्याविकला कधी कळवली नाही.

मेंढ्या डोंगरावरून खाली आणायचे दिवस.
कुंपणाला टेकून तो म्हणाला, छातीत मासा आहे.
पाण्यातला नव्हे. डेकवर टाकलेला.

आकुरेरीला विजेचा झटका देऊन
त्यांनी ठोके ताळ्यावर आणले.
सहा आठवडे टिकले.
पुन्हा झटका. नऊ आठवडे.
गोळ्या बदलल्या, ब्रँडी सुटली.
झोप कशी लागते, असं एकाने विचारलं,
तर हा म्हणाला, उत्तम.
खोटं बोलत नव्हता.
तो तिथे नसायचाच.

तिसऱ्या खेपेला यॉफ्रीदुर नावाची डॉक्टर,
आमच्या धाकटीच्या वयाची,
त्याला सोडून माझ्याकडे वळली.
मी पिशवीतून वह्या काढल्या. अकरा.
ती बराच वेळ हवामान वाचत राहिली.

नंतर एका रात्रीचा आलेख तिने टेबलावर पसरला.
वर श्वास, खाली हृदय.
वरची रेघ सपाट होते तिथे
खालची आधी रेंगाळते, मग उधळते.
घसा मिटलेला असताना छाती ओढत राहते, ती म्हणाली,
तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंती ताणल्या जातात.
रक्तातला प्राणवायू उतरतो,
शरीर घाबरून स्वतःलाच हाका मारतं.
रात्रीतून कित्येकदा. वर्षानुवर्षं.
भिंती सैलावतात, त्यांत चरे पडतात,
ठोक्याला आपली वाट सापडेनाशी होते.
हेच एक कारण असेल असं नाही. पण हे आहे.

काळजाचा ठोका चुकला, आपण किती सहज म्हणतो.
माझा चुकायचा, तीन वाजता, बूट हातात.
त्याचाही चुकत होता, हातभर अंतरावर,
आणि मी वाऱ्याचा वेग लिहीत होते.

आता मास्क आहे, नळी आहे, उशाशी गुणगुणणारी पेटी.
पहिल्या आठवड्यात त्याने तो दोनदा भिंतीवर फेकला.
नातू म्हणाला, आजोबा हत्ती.
तेव्हापासून घालतो.
चार महिने झाले, ठोके सध्या ताळ्यावर आहेत.
'सध्या' हा शब्द यॉफ्रीदुरचा.
मला पटतो. अंदाज सांगणाऱ्याने असंच बोलावं.

हवामानाचं काम आता टेकडीवरचा खांब करतो.
त्याला झोप नाही.
मला तरी तीनला जाग येतेच.
इतकी वर्षं त्याच्या आवाजाला वैतागले,
मग आवाज थांबण्याला घाबरले,
आता या संथ फुसफुशीवर भरवसा बसत नाही.
बोटं त्याच्या मनगटावर ठेवते. मोजते.
तो हात सोडवून घेतो,
मास्कमधून, अर्धे शब्द हवेत सांडत, म्हणतो,
गार आहेत तुझी बोटं.

जागेपणी म्हणतो की झोपेत,
याची नोंद नाही.